धरण भरले, खात्रीची वीज किती?

ऑगस्ट संपत आला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत धरणसाठ्याचा तक्ता येतो. राधानगरी ८.३६, दूधगंगा २५.४०, वारणा ३४.४०, तुळशी ३.४७, पाटगाव ३.७२, कुंभी २.७१, कासारी २.७७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आणि समोर टक्केवारी. शंभराच्या जवळ आकडा दिसला की यंदा पाण्याची आणि विजेची चिंता मिटली, असे आपण धरून चालतो. पाण्याच्या बाबतीत ते बरेचसे खरेही असते, विजेच्या बाबतीत नसते. भरलेले धरण आज पाणी आहे एवढेच सांगते. पुढच्या मे महिन्यात, किंवा पाऊस लांबला तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच्या पायथ्याचे वीजगृह खात्रीने किती वीज देईल, हे त्या तक्त्यातून कळत नाही. प्रकल्पाच्या फलकावर रंगवलेल्या मेगावॅटमधून तर मुळीच कळत नाही.

माझे म्हणणे असे आहे की जिल्ह्यातल्या कोणत्याही धरणावर वीजनिर्मितीचा नवा प्रस्ताव येवो, उंची वाढवण्याची मागणी होवो किंवा पुराच्या धास्तीने धरण रिकामे ठेवण्याचा आग्रह होवो, तीन आकडे लोकांसमोर आल्याशिवाय त्यावर निर्णय होऊ नये. खात्रीचे पाणी किती, ते शंभरापैकी किती वर्षांत मिळेल आणि ज्या वर्षी मिळणार नाही त्या वर्षी तूट किती पडेल. आज चर्चा होते ती सरासरी आवक, सरासरी युनिट आणि स्थापित क्षमता (फलकावरचे मेगावॅट) यांवर. या तिन्हींतून वरच्या एकाही प्रश्नाचे उत्तर निघत नाही.

आधी पाण्याची वीज किती होते ते पाहू. पाणी जितके मीटर खाली पडते त्या उंचीला अभियंते हेड म्हणतात. हेडला यंत्राच्या कार्यक्षमतेने गुणून ३६७ ने भागले की एका घनमीटर पाण्यातून किती युनिट निघतात ते मिळते. धरणाच्या पायथ्याशी ३५ मीटर हेड आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर घनमीटरमागे ०.०८ युनिट. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर, म्हणजे सुमारे २३ लाख युनिट. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पाणी सह्याद्रीवरून पश्चिमेला पावणेपाचशे मीटर खाली उतरते. तिथे तेच एक टीएमसी तीन कोटींवर युनिट देते. चंदगड तालुक्यातल्या तिलारी जलविद्युत प्रकल्पाचे ६० मेगावॅटचे गणितही त्याच उतारावर उभे आहे. भोगावती, दूधगंगा, वारणा यांचे पाणी मात्र पूर्वेला जाते आणि वाटेत उसाला, गावांना, शहरांना लागते. आपल्या पायथ्याच्या वीजगृहांची वीज ही शेतीसाठी सोडलेल्या पाण्यातून निघणारी वीज आहे. फक्त विजेसाठी इथे पाणी साठवणे परवडत नाही, आणि परवडते असे भासवणारा प्रत्येक अहवाल दोनदा तपासावा.

आता राधानगरीकडे या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी हे काम हाती घेतले; पुढे पैशाअभावी ते रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. आज त्याच्या वीजगृहातून साधारण १,५०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला १,५०० घनफूट, पाणी सोडता येते, हे दर पावसाळ्यात बातम्यांत आपण वाचतो. १,५०० क्युसेक दिवसभर चालले तर ०.१३ टीएमसी पाणी जाते. मृत साठा (तळाचे, बाहेर काढता न येणारे पाणी) आणि बाष्पीभवन वजा करून हिशेबापुरते साडेसात टीएमसी धरले, तर पूर्ण भरलेले धरण पूर्ण क्षमतेच्या वीजगृहाला ५८ दिवस पुरते. कोरडे दिवस मात्र १ नोव्हेंबर ते ३१ मे असे २१२ आहेत. त्या सगळ्या दिवसांवर पाणी सारखे वाटले तर वाट्याला येतात ४०९ क्युसेक, म्हणजे यंत्राच्या ताकदीच्या २७ टक्के. पाऊस महिनाभर लांबला तर ३६० क्युसेकच. फलकावरचे मेगावॅट पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्याचे असतात. खात्रीची वीज त्याच्या चौथाईच्या आसपास असते, आणि यात यंत्राचा दोष नाही, कोणाचा हलगर्जीपणाही नाही. सह्याद्रीच्या पावसाचा स्वभावच तसा आहे.

हा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास, आणि ही दोन टोके एकाच जिल्ह्यात आहेत. पश्चिमेकडच्या धरणांत वर्षभराची आवक साठ्यापेक्षा बरीच जास्त असते. ती बहुतेक वर्षी भरतात आणि सांडतात. म्हणून पावसाची वार्षिक सरासरी थोडी घटली की खात्रीची वीज घटेल, ही समजूत इथे लागू पडत नाही. इथे घात करतो तो पावसाळ्याच्या दोन टोकांचा पाऊस. परतीचा पाऊस कधी संपला आणि पुढचा मृग कधी बरसला, यांमधले अंतर किती, यावर सगळे ठरते. २०२३ मध्ये जूनचे पहिले तीन आठवडे कोरडे गेले. २०२५ मध्ये मे महिन्यातच मोसमी पाऊस महाराष्ट्रात शिरला. दोन वर्षांच्या आत एकाच धरणाच्या कोरड्या हंगामाची लांबी महिनाभराने बदलली.

हिशेबाने हे अधिक नीट दिसेल. एक काल्पनिक धरण घ्या. आवक टीएमसीत अशी: जून २, जुलै ९, ऑगस्ट ७, सप्टेंबर २.५, ऑक्टोबर ०.८, नोव्हेंबर ०.२, डिसेंबर ०.१ आणि पुढे मेपर्यंत शून्य. वर्षाची बेरीज २१.६. दर महिन्याला ०.९ टीएमसी पाणी सोडायचे आहे. साठा किती लागेल हे काढायची रीत अशी: मागच्या महिन्याची साचलेली तूट घ्या, तिच्यात या महिन्याची मागणी मिळवा, आवक वजा करा, उत्तर उणे आले तर शून्य लिहा. ऑक्टोबरअखेर तूट ०.१, नोव्हेंबरअखेर ०.८, डिसेंबरअखेर १.६ आणि मग दर महिन्याला ०.९ ने वाढत मेअखेर ६.१. जूनमध्ये ती ५.० वर येते आणि जुलैत संपते. वर्षातली सर्वांत मोठी तूट ६.१, म्हणून उपयुक्त साठा ६.१ टीएमसी हवा. कागद-पेन्सिलने पाच मिनिटांत होणारे काम आहे. कॉलेजच्या मुलाला जमते.

आता याच धरणावर पावसात २.६ टीएमसीची घट करू, पण दोन तऱ्हांनी. पहिल्या तऱ्हेत सगळी घट जुलैत: ९ ऐवजी ६.४. उत्तर काय येते? तेच ६.१. धरण थोडे कमी सांडते, बाकी कुणाला काही कळतही नाही. दुसऱ्या तऱ्हेत परतीचा पाऊस लवकर आटोपतो: ऑक्टोबरला ०.३, नोव्हेंबर-डिसेंबरला शून्य. आणि पुढचा जून कोरडा जातो, २ ऐवजी ०.२. घट तेवढीच, २.६. पण साचलेली तूट मेअखेर ६.९ आणि जूनअखेर ७.६ होते. ६.१ च्या हिशेबाने बांधलेले धरण इथे दीड टीएमसीने कमी पडते. वार्षिक बेरजेत दोन्ही तऱ्हा सारख्या. एकीत वीजगृह चालू राहते, दुसरीत मेच्या पहिल्या आठवड्यातच बंद होते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. मागणी ०.९ वरून १.२ केली तर साठा ८.५ लागतो, १.५ केली तर १०.९. म्हणजे महिन्याला एक टीएमसी खात्रीने जास्त हवे तर आठ टीएमसी जास्त साठवा, कारण कोरडे महिने आठ आहेत. जून कोरडा जाणार असे धरले तर नऊ. मागणी आवकेच्या सरासरीजवळ नेली की हेही प्रमाण मोडते: एका वर्षाची तूट पुढच्या वर्षात घुसते आणि लागणारा साठा एकदम उसळतो. उंची वाढवा म्हणणाऱ्यांनी हे आठास एक प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावे. राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे एकेक टीएमसीसाठी किती जंगल आणि किती वाड्या पाण्याखाली जातील, याचे उत्तर २३ लाख युनिटांशी तोलून पाहावे. मला ते कुठल्याही दराने पटत नाही.

आता विश्वासार्हतेच्या टक्क्यांकडे, म्हणजे ठरलेले पाणी शंभरापैकी किती वर्षांत मिळते त्याकडे. आपल्याकडे शेतीसाठी ७५ टक्के, जलविद्युतीसाठी ९० टक्के आणि पिण्याच्या पाण्यासाठी १०० टक्के असे निकष वापरात आहेत. ४० वर्षांची वार्षिक आवक उतरत्या क्रमाने मांडली आणि क्रमांकाला ४१ ने भागले की ३१ वे वर्ष ७५ टक्क्यांच्या जरा पुढे आणि ३७ वे ९० च्या जरा पुढे येते. कृष्णेच्या पाण्यावरून राज्यांचे भांडण याच टक्क्यांवर चालले: पाणीवाटपाच्या पहिल्या, बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेवर २,०६० टीएमसी पाणी धरले, दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये ६५ टक्क्यांवर २,२९३ टीएमसी. वाटपाचा निकष बदलला की कागदावर पाणी वाढते. नदीत वाढत नाही.

या पद्धतीतली खरी खोट वर्षाच्या बेरजेत आहे. बेरजेने ३७ वे आलेले वर्ष कदाचित छान असेल: पाऊस कमी, पण ऑक्टोबर ओला आणि जून वेळेवर. आणि दहाव्या क्रमांकाचे भरघोस वर्ष जुलैच्या पुराने फुगलेले, पण दोन्ही टोकांना कोरडे असेल. वीजगृहाला मारणारे वर्ष यादीत वरच लपून बसते. म्हणून आपल्या नद्यांसाठी वर्षाची बेरीज सोडून दहा-दहा दिवसांच्या आवकेवर हिशेब करायला हवा, आणि खात्रीचा टक्का त्या हिशेबातून काढायला हवा.

नोंदी थोड्या वर्षांच्या असतात, हीसुद्धा अडचण आहे. ४० वर्षांच्या नोंदीत एका वर्षाचे शेपूट आणि पुढच्या वर्षाचे तोंड यांचे सांधे ३९ च. लवकर संपलेला परतीचा पाऊस आणि उशिरा आलेला मृग हे दोन्ही वेगवेगळ्या वर्षी घडले असतील, पण पाठोपाठ कधीच नसतील. नोंदीत नाही म्हणून घडणार नाही, असे नव्हे. यावर उपाय सोपा आहे. १ जून ते ३१ मे हे पाणीवर्ष अखंड ठेवायचे, त्यातले महिने विस्कटायचे नाहीत, कारण जुलै आणि ऑगस्टचा एकमेकांशी संबंध असतो. अशी ४० पाणीवर्षे चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलत नव्या माळा ओवायच्या. संगणकावर हजार माळा काही सेकंदांत होतात. शक्य सांधे १,६०० होतात. प्रत्येक माळेवर वरचा तुटीचा हिशेब चालवायचा आणि हजार उत्तरे लहान-मोठी लावून त्यातले नऊशेवे पाहायचे. एकाच आकड्याऐवजी हाती येतो एक पट्टा: एवढा साठा असेल तर शंभरात ८० माळा निभावतात, एवढा असेल तर ९०, एवढा असेल तर ९५. कोणता घ्यायचा हा निर्णय लोकांचा, लोकप्रतिनिधींचा. पण तो डोळे उघडे ठेवून होतो. या रीतीलाही मर्यादा आहे: नोंदीतल्या सर्वांत कोरड्या जूनपेक्षा कोरडा जून ती दाखवू शकत नाही. त्यासाठी पाऊस पंधरा दिवस आणि महिनाभर आणखी लांबवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

९० टक्के हा शब्द ऐकायला भक्कम वाटतो. दर वर्षी दहात एक अपयश, आणि वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर सलग दहा वर्षे एकदाही तूट न पडण्याची शक्यता ३५ टक्केच राहते. म्हणजे दशकात एकदा तरी तूट पडणार असेच धरून चालावे. मग प्रश्न उरतो तुटीच्या आकाराचा. १० टक्के कमी वीज ही एक गोष्ट. तीन आठवडे वीजगृह बंद ही निराळी. अशी तूट पडणाऱ्या दोन्ही धरणांची विश्वासार्हता कागदावर सारखीच ९० टक्के लिहिली जाते. तुटीचा आकार वेगळा छापायला लावा, असा आग्रह म्हणूनच आहे.

इथवर पाणी मोजले; वीज मोजायची म्हटली की गुंता वाढतो. धरण उतरते तसे हेड उतरते. ५ मेगावॅट सलग द्यायचे असतील तर ३६ मीटर हेडला साधारण ५९० क्युसेक लागतात. हेड २२ मीटरवर आले की त्याच ५ मेगावॅटला ९६० क्युसेक. ज्या मे महिन्यात पाणी सर्वांत कमी, त्याच महिन्यात युनिटमागे पाणी सर्वांत जास्त. म्हणून महिन्याला सारखे पाणी धरून काढलेला साठा विजेसाठी नेहमी अपुरा निघतो. प्रत्येक टप्प्याला सुरुवातीची आणि शेवटची पातळी घेऊन पातळी-साठा तक्त्यावरून सरासरी हेड काढावे लागते, त्यावरून पाणी, त्यावरून पुन्हा शेवटची पातळी. दोन-तीन फेऱ्यांत उत्तर जुळते. शिवाय टर्बाइनला तळ असतो. ज्या हेडसाठी ते घडवले त्याच्या साधारण ६५ टक्क्यांखाली ते नीट चालत नाही. पाणी आत घेणाऱ्या तोंडावर पुरेशी खोली उरली नाही की भोवरा पडतो, हवा आत ओढली जाते, यंत्र थरथरते, पाती खराब होतात. म्हणून धरणात पाणी दिसत असूनही वीजगृह बंद करावे लागते. हे पाणी शेतीला उपयुक्त आणि विजेला निरुपयोगी; दोघांचा ‘उपयुक्त साठा’ वेगळा लिहायला हवा.

पुरातही उलटेच घडते. पाणी मुबलक असते, पण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी फुगलेल्या नदीत जाते, खालची पातळी चढते आणि हेड घटते. कमी उंचीच्या बंधाऱ्यांवर वीज काढायच्या कल्पना वेळोवेळी पुढे येतात. तिथे तर पुरात हेड जवळजवळ उरतच नाही आणि उन्हाळ्यात पाणी उरत नाही.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. धरणात येणारे पाणी बहुतेक ठिकाणी थेट मोजले जात नाही. पातळी किती चढली, किती सोडले, किती वाफ झाली यावरून ते उलटे काढले जाते. पाण्याचा पसारा १५ चौरस किलोमीटर असेल तर पट्टीवरच्या एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला ६१ क्युसेक. वाऱ्याने लाट एका काठाला चढली, पट्टीवर शेवाळ साचले, वाचणाऱ्याने सकाळी सातऐवजी नऊला वाचले, की त्या दिवशीची आवक चुकते. उन्हाळ्यात तर कधी आवक उणे लिहिली जाते आणि पुढे कोणीतरी ती गुपचूप शून्य करतो. असे शून्य साचत गेले की कोरड्या महिन्यांची आवक कागदावर फुगते. नेमक्या त्याच महिन्यांवर आपला सगळा हिशेब उभा आहे! स्वयंचलित पातळीमापक दोन ठिकाणी, वारा आडोशाला असेल अशा जागी बसवणे आणि कच्च्या नोंदी जशाच्या तशा जपणे, हा धरणाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ खर्च आहे. बाष्पीभवनही असेच दुर्लक्षित राहते: कोरड्या आठ महिन्यांत मीटरभर पाणी उडाले तर १५ चौरस किलोमीटरवर ते अर्धा टीएमसी होते.

यंत्रसामग्रीची जोखीम तर कुठल्याच जलशास्त्रीय तक्त्यात येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरीचा एक दरवाजा दुरुस्तीच्या वेळी अडकून उघडा राहिला आणि साठवलेले पाणी नदीत गेले. पाऊस शंभर टक्के झाला तरी खात्री शंभर टक्के नसते.

आता पुराकडे, कारण कोल्हापुरात धरणाचा विषय त्याशिवाय पुरा होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले, २०२१ मध्ये ५६ च्या आसपास. तेव्हापासून धरणे ऑगस्टपर्यंत रिकामी ठेवा ही मागणी दर वर्षी होते. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांचा राग खरा आहे, आणि त्यांना विजेचे युनिट ऐकवणे शहाणपणाचे नाही. पण एक टीएमसी रिकामी जागा पुराला किती अडवते तेही पाहा. पंचगंगेतून ५०,००० क्युसेक वाहत असतील तर एका टीएमसीत सहा तासांचेही पाणी मावत नाही. धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुठलेच धरण अडवत नाही, आणि नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही. रिकामी जागा पुराचे टोक थोडे कापते. ते थोडेही कुंभार गल्ली किंवा शिरोळच्या गावांना मोलाचे असू शकते, म्हणून ते द्यावे. पण त्यावर पूर संपेल असे सांगू नये.

ती जागा मिळते कशी? अंदाज आल्यावर घाईघाईने पाणी सोडून मिळत नाही. राधानगरीच्या वीजगृहाच्या वाटेने तीन दिवसांत ०.३९ टीएमसी जाते. एक टीएमसीला आठ दिवस लागतात. आणि तिथले सात स्वयंचलित दरवाजे, प्रत्येकी १,४२८ क्युसेकचे, धरण काठोकाठ भरले की आपोआप उघडतात. आधीच जागा करून ठेवणे हे त्यांचे काम नाही. म्हणून जागा आधीपासून राखावी लागते: जुलैभर वीजगृह पूर्ण ताकदीने चालवायचे आणि पातळी ठरलेल्या रेषेवर जाऊ द्यायची नाही. यात विजेचे नुकसान नाही, उलट लाभ आहे, कारण एरवी सांडव्यावरून जाणारे पाणी यंत्रातून जाते. जोखीम एवढीच की नंतर पाऊस ओढ धरेल आणि धरण भरणार नाही. ती जोखीमही मोजता येते: नोंदीतल्या प्रत्येक वर्षी १५ ऑगस्टनंतर किती पाणी आले ते काढा, त्यातून रोजची मागणी वजा करा, आणि किती वर्षांत एक टीएमसी उरले नाही ते मोजा. ४० पैकी दोन वर्षांत उरले नसेल तर जोखीम पाच टक्क्यांची, आणि घडलेच तर त्या वर्षीचे १३ टक्के पाणी. २०२३ चा ऑगस्ट देशभरात शंभराहून जास्त वर्षांतला सर्वांत कोरडा होता. अशा वर्षांना या मोजणीत मुद्दाम धरावे. हा तक्ता प्रत्येक धरणासाठी छापला गेला तर पूरग्रस्त आणि ऊस उत्पादक यांचे भांडण निदान एकाच आकड्यावर येईल.

मग खात्रीची वीज वाढवायची कशी, असे विचाराल. माझ्या मते साठा वाढवून नव्हे, वेळ निवडून. वर आलेले ४०९ क्युसेक चोवीस तास सोडले तर मोठे यंत्र २७ टक्के भारावर रखडते. त्या भारावर कार्यक्षमता पडते आणि थरथर वाढते. तेच पाणी संध्याकाळी १,५०० क्युसेकने साडेसहा तास सोडले तर यंत्र पूर्ण भारावर, उत्तम कार्यक्षमतेने चालते. दिवसा सौरऊर्जा आता मुबलक आणि स्वस्त होत चालली आहे. टंचाई सूर्य मावळल्यावर भासते. त्या वेळची वीज हीच आपल्या छोट्या वीजगृहांची खरी किंमत आहे.

अडचण नदीची. साडेसहा तास लोंढा आणि साडेसतरा तास कोरडे पात्र, हे उपसा पंपांना चालणार नाही, माशांनाही नाही. त्यासाठी खाली एक समतोल साठा हवा: सुमारे २६ दशलक्ष घनफूट, म्हणजे टीएमसीचा चाळिसावा भाग. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे याच नदीवर ओळीने उभे आहेत. वीजगृहाच्या खालच्या पहिल्या एक-दोन बंधाऱ्यांत एवढी जागा खेळवता येते का, हे मोजून पाहावे. गाळ्यांत बसवायच्या लाकडी किंवा लोखंडी बरग्यांनी (फळ्यांनी) रोजची चढउतार सांभाळता येणार नाही. एका-दोन गाळ्यांना वर-खाली होणारे यांत्रिक दरवाजे बसवावे लागतील. पाणी एकदम न सोडता अर्ध्या तासात टप्प्याटप्प्याने वाढवावे, भोंगा वाजवावा, आणि वेळ रोज तीच ठेवावी. धुणे धुणाऱ्या बाया, म्हशी घेऊन पाण्यात उतरलेली पोरे यांना घड्याळ माहीत हवे. नोव्हेंबरमध्ये उसाला फारसे पाणी लागत नाही आणि एप्रिल-मेमध्ये पाळी लांबली की बोंब होते; तेव्हा तास कमी-जास्त होतील. पाऊस लांबला की उपसाबंदी लागते, तशी त्या काळात वीजनिर्मितीची कपातही आधीच लिहून ठेवलेल्या पातळ्यांवर व्हावी. अमुक पातळीला साडेसहा तासांऐवजी चार तास, त्याखाली दोन, त्याखाली फक्त पिण्याचे पाणी. तूट अनेक आठवड्यांवर पातळ पसरली तर ती सोसते. शेवटच्या आठवड्यात एकदम आली तर नळ आणि दिवे एकत्र जातात.

पाटगावच्या पाण्यावर घाटाखाली अंजिवड्याकडे उदंचन प्रकल्पाचा प्रस्ताव आला आणि भुदरगडमध्ये विरोध उभा राहिला. तिथेही हीच कसोटी लावावी. असा प्रकल्प तेच पाणी वर-खाली फिरवतो, पण पहिला भराव (सुरुवातीला भरायचे पाणी) आणि दरवर्षीची वाफ कुठून तरी द्यावीच लागते. तो भराव धरण सांडत असताना जुलै-ऑगस्टमध्ये घेतला तर वरच्या हिशेबाप्रमाणे खालच्या शेतकऱ्याचे काही जात नाही. जानेवारीनंतर घेतला तर प्रत्येक घनफूट वेदगंगेच्या काठावरून जातो. करारात टीएमसीचा आकडा असतो. महिना लिहिलेला असतो का, ते विचारावे.

पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि आवर्तनांच्या तारखा ठरतात. त्या बैठकीच्या कागदांत आणखी एक पान जोडता येईल: धरणनिहाय १५ ऑक्टोबरचा साठा, पाऊस १० जूनला, २५ जूनला आणि १० जुलैला आला तर दर महिन्याला खात्रीने किती क्युसेक, त्यातून संध्याकाळचे किती तास आणि किती मेगावॅट, आणि कोणत्या पातळीला वीजगृह थांबेल. पाटबंधारे खात्याकडे यासाठी लागणारी पातळी-साठा कोष्टके आणि जुन्या नोंदी आहेत. एका अभियंत्याचे आठवड्याचे काम आहे.